वरची फाइल आणि खालची फाइल

गेल्या रविवारी तू शाळेच्या प्रकल्पासाठी काढलेलं चित्र मला फोनवर दाखवलंस. सगळ्यात वर केंद्र सरकार, त्याखाली मंत्रालयं, मंत्रालयांखाली खाती, खात्यांखाली कार्यालयं आणि त्यांना जोडणारे बाण. तुझ्या भावाने विचारलं, "यात आजी कुठे होती?" मी तळाच्या चौकटीवर बोट ठेवायला गेले, बोट फोनच्या पडद्यावर टेकलं आणि कॉल बंद झाला. पुन्हा लागेपर्यंत तुमची झोपायची वेळ झाली होती. म्हणून उत्तर लिहून पाठवते आहे. तुमच्या आईला वाचून दाखवायला सांगा. क्रमाने लिहीन. तुमची आई म्हणते की मी वाणसामानाची यादीसुद्धा आकडे घालून करते, आणि ते खरं आहे.

मी आपल्या शहरात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी केली, लग्नाआधीपासून निवृत्तीपर्यंत. कोणतं कार्यालय हे महत्त्वाचं नाही, कारण आतून सगळी सारखीच असतात. पत्र आलं की आधी आवक टेबलावर जातं. तिथं त्याच्यावर शिक्का बसतो, शिक्क्यात क्रमांक पडतो आणि वहीत नोंद होते. तोपर्यंत ते पत्र आलेलंच नाही असं समजायचं, मग ते तुमच्या डोळ्यांसमोर का पडलेलं असेना. नंतर ते फाइलला लागतं. फाइलला दोन बाजू असतात. उजवीकडे आलेली-गेलेली पत्रं, पानांना आकडे घालून. डावीकडे हिरवट कागदावर आपली टिपणी: काय मागितलं आहे, नियम काय म्हणतो, मागे अशा वेळी काय केलं होतं आणि आता काय करावं. मग फाइल वर जाते. वरचा अधिकारी 'सहमत' लिहितो किंवा 'चर्चा करावी' लिहितो. 'चर्चा करावी' याचा अर्थ त्याला समजलेलं नाही, किंवा आपल्यालाच समजलेलं नाही हे त्याला समजलं आहे.

मला हे काम आवडायचं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. कॉलेजात कविता वाचल्या आणि नोकरीत इंग्रजीतून टिपण्या लिहिल्या, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाचणाऱ्याला मागचं पान उलटावं लागू नये अशी टिपणी लिहून झाली की घरी जाताना बरं वाटायचं. शेवटच्या काही वर्षांत मी कार्यालय अधीक्षक होते, म्हणजे सगळ्या कारकुनांच्या फाइली माझ्या टेबलावरून वर जायच्या. माझ्या हातून फाइल हरवत नाही अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मला फार आवडायची, हेही इथं लिहून ठेवते.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कधीकधी दोन फाइलींचा विषय एकमेकांत अडकलेला असतो आणि साहेबांनी दोन्ही एकदम बघाव्या असं वाटतं. तेव्हा त्या एकमेकींना बांधतात. त्याला लिंक करणं म्हणतात. एक फाइल वर, एक खाली. खालच्या फाइलचे बंद वर आणून वरच्या फाइलभोवती बांधायचे. वरच्या फाइलचे बंद तिच्याच पोटाखाली फुलाच्या गाठीने बांधून टाकायचे, मध्ये लोंबायला नकोत. नीट बांधलं तर बघणाऱ्याला एकच गठ्ठा दिसतो. मी फार नीट बांधायची.

आमच्याकडे एक शिपाई होता. शांत स्वभावाचा, उन्हाळ्यात टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला की त्यावर बशी झाकणारा. तो थोड्याच दिवसांच्या आजारात गेला. मागे बायको आणि चौथीतली मुलगी. कर्मचारी नोकरीत असताना गेला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळू शकते, असा नियम आहे. त्याला अनुकंपा नियुक्ती म्हणतात. जागा मात्र फार थोड्या असतात. देशभर पसरलेल्या अशा सगळ्या अर्जांमधून मुंबईच्या मुख्य कार्यालयातली समिती वर्षातून एकदा निवड करायची. त्याच्या बायकोने अर्ज केला, सगळे कागद आणून दिले, मी तिची फाइल तयार केली आणि मुंबईहून पत्र येण्याची वाट बघत कपाटात ठेवली.

याच वेळी दुसरा प्रश्न उभा राहिला. ती अजून नवऱ्याला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होती आणि मुदत संपत आली होती. क्वार्टरची फाइल वेगळी. मला वाटलं, साहेबांना कळलं पाहिजे की या बाईचा नोकरीचा अर्ज आपल्याकडे आहे, नोकरी मिळाली तर ती इथंच राहणार, तिला लगेच बाहेर काढू नये. म्हणून मी क्वार्टरची फाइल वर घेतली, नोकरीची खाली लावली आणि बांधली. मग मी दोन महिन्यांच्या सुट्टीवर गेले. तुमच्याकडेच आले होते. तू तेव्हा नऊ दिवसांची होतीस आणि कुणाच्याही मांडीवर झोपत नव्हतीस.

सुट्टीवर जाण्याआधी मी दोन पानी नोंद लिहून ठेवली होती. कोणती फाइल कुठे आहे, कोणतं उत्तर कधी जायचं आहे, पाण्याचा फिल्टर बिघडला तर कुणाला फोन करायचा. त्या गाठीबद्दल लिहायचं राहिलं.

परत आले तेव्हा ती बाई क्वार्टर सोडून माहेरी, देवगाव रंगारीला गेली होती. कुणी तिला काढलं नव्हतं. मुदत संपल्याचं पत्र हातात पडलं आणि तिने स्वतःहून किल्ल्या आणून दिल्या. काही महिन्यांनी मुंबईचं पत्र आलं: अनुकंपेची पूर्ण प्रकरणं पंधरा दिवसांत पाठवा, प्रकरणं नसतील तर निरंक कळवा. निरंक म्हणजे काही नाही. मी कपाट उघडलं. फाइल नव्हती.

पहिल्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कपाटं उघडायला लावली. कोणती फाइल कुणाकडे गेली ते लिहायची आमची वही असते. तिच्यात त्या फाइलपुढे शेवटची नोंद माझ्याच अक्षरात होती: अधीक्षकांकडे. म्हणजे माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी ती बाई आली. दर गुरुवारी ती एसटीने यायची, विचारून जायची.

"जय भीम, मॅडम."

"ये, बस. पाणी घे."

"पानी झालं गेटावर. आमचे कागद गेले का मुंबईला?"

"शोधते आहे."

"शोधता म्हंजी? हरवले व्हय?"

"हरवले नाहीत. जागेवर नाहीत."

"म्हंजी हरवलेच की," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. थोडा वेळ ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. "या वक्ताला गेलं नाय तर पुडल्या साली जागा निघती का वो?"

मी खरं ते सांगितलं. पुढच्या वर्षी जागा निघेल का, आपल्या भागाला मिळेल का, काहीच सांगता येत नव्हतं. तिने मान हलवली. मुलगी देवगावच्या शाळेत रमत नाही, इथल्या मैत्रिणींची नावं घेत असते, एवढंच बोलली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठली.

ती गेल्यावर शेजारच्या टेबलावरचे एक सहकारी माझ्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता, त्यांनी माझी काळजीच केली. म्हणाले, "मॅडम, निवृत्तीला आता किती महिने राहिले तुमचे? निरंक पाठवून द्या. पुढच्या वर्षी फाइल सापडली की प्रकरण पाठवू. तुमच्या काळात काही हरवलं असं कशाला राहू द्यायचं?"

खोटं सांगत नाही, मी ते पत्र मनातल्या मनात लिहून बघितलं. दोन ओळींचं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी असली पत्रं शेकड्याने लिहिली होती आणि एकावरही कधी कुणी आक्षेप घेतला नव्हता.

आमच्याकडे एक दफ्तरी होते. दफ्तरी म्हणजे जुन्या फाइली सांभाळणारा, त्यांना पुठ्ठे-बंद लावणारा, बाहेरगावी जाणारी पार्सलं शिवणारा कर्मचारी. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. प्रत्येक फाइल ते पाठीवरच्या डागावरून आणि जाडीवरून ओळखायचे. दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"क्या ढूंढ रहे मॅडम, दो दिन से? मेरेकू तो किसीने पूछाच नहीं."

मी सांगितलं.

"गुम नहीं होती फाइल. सरकारी फाइल कू कोई चुराता क्या? पढनाच कौन चाहता है उसकू." मग जरा विचार करून म्हणाले, "वो शिपाई के क्वार्टर की फाइल नागपूर गई ना, आप छुट्टी पे थे तब. मैंच पार्सल सिया था."

"क्वार्टरची गेली असेल. मी नोकरीची शोधते आहे, चाचा."

"हौ, वोइच बोल रहा मैं. क्वार्टर की फाइल पतली थी. चार पन्ने की. लेकिन कपडा दो फाइल का लगा. मैं बोला भी, के क्वार्टर में इतना क्या लिख दिए मॅडम ने."

ती गाठ मला बोटांत आठवली. क्वार्टरचे विषय नागपूरची शाखा बघायची. मी सुट्टीवर असताना नागपूरने नुसती पत्राने माहिती न मागता मूळ फाइलच मागवली होती. माझ्या जागी बसलेल्या कारकुनाने वरच्या फाइलवरचा क्रमांक बघितला, जुळला, गठ्ठा पाठवून दिला. त्याची काही चूक नव्हती. एकच गठ्ठा दिसत होता. नागपूरच्या आवक वहीतही वरच्या फाइलचाच क्रमांक चढला असणार. खालची फाइल कोणत्याच वहीत नव्हती. ती होती, पण सरकारच्या लेखी कुठेच नव्हती, आणि ती तिथं मी घातली होती. चांगल्या हेतूने घातली होती, हे त्या दुपारी कशाच्याच उपयोगाचं नव्हतं.

मी टिपणीचा हिरवट कागद, नोटशीट, घेतला आणि टिपणी लिहिली. अशा वेळी फाइल तूर्त उपलब्ध नाही असं लिहायची पद्धत आहे. ती का उपलब्ध नाही ते वाचणाऱ्याने विचारायचं नसतं. मी लिहिलं की अधीक्षकांनी दोन फाइली बांधल्या, सुट्टीवर जाताना तशी नोंद ठेवली नाही, त्यामुळे खालची फाइल नागपूरला गेली. खाली पूर्ण सही केली आणि स्वतःच घेऊन साहेबांकडे गेले.

साहेब नवे होते, हैदराबादकडचे, माझ्या मुलाच्या वयाचे. ड्रायव्हरकडून मराठी शिकत होते. त्यांनी टिपणी दोनदा वाचली.

"हे तुम्हीच लिहिलं?"

"हो सर."

"कुणी सांगितलं असं लिहा?"

"कुणी नाही."

त्यांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "मॅडम, दोन कामं होणार. एक, मी तुमच्याकडून लेखी खुलासा मागवणार. ते मला करायला पाहिजे. दोन, तुम्ही पार्ट फाइल उघडणार. दोन्ही आज."

मूळ फाइल हाताशी नसेल तेव्हा त्याच विषयाची तात्पुरती फाइल उघडता येते. तिला पार्ट फाइल म्हणतात. नियमपुस्तकात ती सोय पहिल्यापासून आहे. कुणीतरी कधीतरी बसून विचार केला होता की फाइली अडकतील, आणि तेव्हा माणसाचं काम अडू नये. तो कोण होता मला माहीत नाही. त्या दिवशी मी त्याला मनोमन नमस्कार केला.

कोऱ्या पुठ्ठ्यात मी एकेक कागद पुन्हा गोळा करायला लागले. आमच्याकडच्या पत्रांच्या प्रती जावक विभागात होत्या. बाकीचे कागद त्या बाईचे. मी तिच्या भावाच्या फोनवर निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी ती साडीच्या दुकानाची एक पिशवी घेऊन आली. पिशवीत सगळ्याचे झेरॉक्स होते: अर्ज, मृत्यूचा दाखला, तिचा दहावीचा दाखला, तहसीलचा वारसांचा दाखला. प्रत्येकावर आमच्या आवक टेबलाचा शिक्का. मी एकेक बाजूला ठेवत गेले. एक कागद मिळेना.

"सासूबाईंचं संमतिपत्र? अंगठ्याचं?"

"त्याचा झेरॉक्स नाय, मॅडम. त्या दिशी सासरी वैजापुरात लाइट नव्हती. दुकानवाला म्हनला दुपारून या. मी म्हनलं ऑफिस बंद व्हईल, आन् तसाच आनून दिला."

घरातल्या इतर वारसांची हरकत नाही असं लेखी लागतं. त्याशिवाय समिती प्रकरण बघत नाही.

"मग सासूबाईंकडून पुन्हा घेता येईल ना? दोन दिवसांत?"

ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "तव्हा दुःख ताजं व्हतं, त्यायनी अंगठा दिला. आता त्या दिराकडं ऱ्हातेत. दीर म्हनतो, शेताचा वाटा सोडला असं लिहून दे, मंग आईचा अंगठा घेऊन जा."

"आणि तू काय म्हणालीस?"

"कामून लिहून देऊ? माह्या पोरीला बापाचं तेवढंच हाय." मग जरा थांबून म्हणाली, "पन तुमी म्हनला तर देते. नोकरी तर पायजे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एका कागदासाठी ती मुलीची जमीन सोडायला तयार झाली होती, आणि तो कागद अस्तित्वात होता. नागपूरला, दुसऱ्या फाइलच्या पोटाखाली, माझ्या हाताने बांधलेला.

"काही लिहून देऊ नकोस," मी म्हणाले. "मला दोन दिवस दे."

नागपूरला त्या शाखेत मी कुणालाच ओळखत नव्हते. फोन लावला, चार ठिकाणी फिरला आणि शेवटी एका बाईंनी उचलला. आवाजावरून माझ्यापेक्षा लहान असाव्यात. मी क्वार्टरच्या फाइलचा क्रमांक सांगितला. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, बऱ्याच वेळाने परत आल्या.

"आहे जी मॅडम. तुमच्या नंबरची एकच फाइल आहे."

"तिच्या खाली काय आहे बघा."

"खाली टेबल आहे जी."

"नाही, तिलाच बांधलेली आणखी एक असेल. बंद कुठून निघतात ते बघा."

कागदांचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "हाव. आहे ना दुसरी. अरे देवा, आम्ही तर एकच समजत होतो. कोणी बांधली जी इतकी पक्की?"

"मी."

मी सगळी हकिकत सांगितली: मुंबईची मुदत, सासूबाईंचा अंगठा, शेताचा वाटा. त्या ऐकत होत्या. मध्ये कुणीतरी त्यांना चहाला बोलावत होतं, त्यांनी त्याला हाताने थांबवलं असावं.

"सोडवून तर नाही देता येत मॅडम," त्या म्हणाल्या. "वरची साहेबांच्या आदेशासाठी ठेवली आहे, साहेब दौऱ्यावर आहेत, आणि आदेश झाल्याबिगर लिंक सोडायची नाही. तुम्हाला तर माहीतच आहे."

मला माहीत होतं. मी हेच वाक्य कितीतरी जणांना ऐकवलं होतं.

"पण उघडून बघायला मनाई थोडीच आहे. कागद कुठं आहे, काही अंदाज?"

"पत्रांच्या बाजूला, पान सतरा."

"पक्कं?"

"पानांना आकडे मीच घातलेत."

त्यांनी ते पान फाइलमधून न काढता, गाठ न सोडता, बंद फक्त सैल करून, अख्खा गठ्ठा मशीनवर पालथा धरून झेरॉक्स केलं. हे त्यांनीच मला नंतर फोनवर सांगितलं, कारण एक कडा काळी आली म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. मग त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक अधिकारी होते, त्यांच्याकडून 'मूळ कागदावरून खरी प्रत' अशी सही-शिक्का घेतला. ईमेलने लगेच पाठवलं आणि शिक्क्याची प्रत टपालाने. आमचा-त्यांचा काही संबंध नव्हता. या कामाची त्यांच्या कोणत्याच वहीत नोंद होणार नव्हती. पाकिटात एक चिठ्ठी होती, त्यावर फक्त दोन ओळी: प्रत पाठवली आहे, मिळाल्याचे कळवावे. खाली सही नव्हती, आद्याक्षरं होती. मी त्यांना कधी भेटले नाही. त्या आता कुठे आहेत तेही माहीत नाही. तुझ्या चित्रात दोन चौकटींमध्ये जो बाण आहे ना, त्यावर मी त्यांना बसवलं असतं.

पार्ट फाइल मुदतीच्या तीन दिवस आधी मुंबईला गेली. पार्सल चाचांनीच शिवलं. सुई ओवताना म्हणाले, "मॅडम, इसके नीचे तो कुछ नहीं बांधे ना?" सगळे हसले. मीही हसले, पण पार्सल त्यांच्याकडून घेऊन एकदा हाताने तोलून बघितलं.

माझा खुलासाही गेला. साहेबांनी तो वाचून मला लेखी समज दिली, पुढे काळजी घ्यावी अशी. ती माझ्या फाइलमध्ये आहे. सहकाऱ्यांना वाटलं, साहेबांनी सोडून द्यायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. ज्या पानावर माझी चूक लिहिली गेली त्याच पानामुळे पार्ट फाइल उघडता आली. चूकच झाली नाही म्हटलं असतं तर ती सुधारायचीही काही गरज उरली नसती. त्या मुलाच्या वयाच्या माणसाचे मी आभार मानले नाहीत, कारण समज मिळाल्यावर आभार मानायची पद्धत नाही. आज मानते.

उत्तर यायला बराच काळ गेला. त्या काळात ती बाई दर गुरुवारी यायची आणि मी दर गुरुवारी नाही म्हणायची. मग एक दिवस यादी आली. आमच्या कार्यालयापुढे एकच ओळ होती आणि ती तिची होती. मी तिच्या भावाला फोन केला. ती कुणाच्या तरी शेतात कांदे काढायला गेली होती. भाऊ फोन चालू ठेवूनच पळत गेला असावा, कारण मला बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तिचा आवाज आला, "बोला, मॅडम." मी सांगितलं. ती म्हणाली, "कंच्या तारखेला येऊ?"

क्वार्टरच्या फाइलचं काय झालं, तेही सांगून टाकते. नागपूरचा आदेश होऊन ती परत आली तेव्हा मी निवृत्त झाले होते. सदर कुटुंबाला आणखी काही महिने क्वार्टरमध्ये राहू देण्यास हरकत नाही, असा निर्णय होता. दोन्ही फाइली अजून बांधलेल्याच होत्या, असं मला कळलं. आता आमच्या कार्यालयात सगळं संगणकावर आहे. फाइल कुणाकडे कधीपासून पडून आहे ते बटण दाबलं की दिसतं. मला त्याचा आनंद आहे.

तर रुजू व्हायचा दिवस. सकाळच्या सत्रात हजर झालं तर तो दिवस नोकरीत धरला जातो, म्हणून मी तिला वेळेवर ये असं बजावलं होतं. ती पहिल्या गाडीने निघाली होती आणि कार्यालय उघडायच्या आधी गेटच्या पायरीवर बसून होती. मुलगी बरोबर होती, गणवेशात, कारण दाखला काढून परत इथल्या शाळेत घालायचं ठरलं होतं. मी रुजू अहवालाचा नमुना समोर ठेवला. तिने तो स्वतःच्या अक्षरात उतरवला, सावकाश, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून.

दुपारी डबा खाताना मी तिच्याशेजारी बसले. इतके महिने बोलायचं राहिलेलं एक काम माझ्याकडे होतं.

"तुझी फाइल कशी अडकली, ते मी तुला सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "ती मी बांधली होती. चूक माझी होती."

"मला म्हायीत हाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. चाचांनी गेटावर सांगितलं, त्याच हप्त्यात."

"मग काही बोलली नाहीस कधी?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला. "आवं, तुमी शोधत व्हत्या ना. तव्हा बोलले असते तर तुमचं ध्यान शोधायचं सोडून माह्या बोलन्याकडं गेलं असतं." तुकडा खाऊन झाल्यावर म्हणाली, "आन् मंग नोकरी लागली. आता काय बोलायचं?"

तिने डबा माझ्याकडे सरकवला. चटणी कारळाची होती. मी थोडी घेतली.

एवढ्यात आत घंटी वाजली. साहेबांना कुठलीतरी फाइल हवी होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि मला विचारलं, "कोनती न्यायची?" मी टेबलावरची दाखवली. तिने ती उचलली, पालथी करून खालून बघितली, खाली काही बांधलेलं नाही याची खात्री केली आणि आत घेऊन गेली.